न फुटणाऱ्या संख्यांची कथा

"जालना, सोने का पालना" ही म्हण मराठवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येते. कुंडलिकेच्या कांठीं वसलेल्या या गांवाची कीर्ति मुख्यत्वें व्यापाराची. आणि व्यापार म्हटला कीं मोजमाप आलेंच. मोंढ्यांत धान्याचीं पोतीं उतरतात आणि त्यांची थप्पी लागते. पोतीं २४ असलीं तर काम सोपें. सहा-सहांच्या चार ओळी लावाव्या, आठ-आठांच्या तीन लावाव्या, नाहीं तर बारा-बारांच्या दोन. कशाहि लावल्या तरी एकहि पोतें उरत नाहीं. तींच पोतीं २३ निघालीं तर मात्र पंचाईत. दोन-दोनांच्या ओळी लावल्या तर एक उरतें, तीन-तीनांच्या लावल्या तर दोन, चार-चारांच्या लावल्या तर तीन. तेवीस पोत्यांची एकच लांब ओळ लागते. दुसरा उपाय नाहीं. एका पोत्याच्या फरकानें एवढें अंतर कां पडावें? हमालाच्या या साध्या अडचणींत गणितशास्त्राचा एक फार जुना विषय दडलेला आहे.

ज्या संख्येनें दुसऱ्या संख्येस निःशेष भाग जातो ती तिची विभाजक. २४ चे विभाजक १, २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४ असे आठ. २३ चे मात्र १ आणि २३ असे दोनच. ज्या संख्येला बरोबर दोनच विभाजक असतात तिला मूळ संख्या म्हणतात. ज्या संख्येला दोहोंपेक्षां अधिक विभाजक असतात ती संयुक्त संख्या. घरोघरीं मुलें जे पाढे म्हणत आलीं, त्यांच्याच भाषेंत हें सांगतां येईल. पाढा म्हणणें म्हणजे गुणाकाराचा जिना चढणें. विभाजक शोधणें म्हणजे तोच जिना उलट उतरणें. चोवीस हा आंकडा दोनच्या, तीनच्या, चारच्या, सहाच्या, आठच्या आणि बाराच्या पाढ्यांत भेटतो. तेवीस हा आंकडा एकाचा पाढा सोडला तर केवळ आपल्या स्वतःच्याच पाढ्यांत भेटतो, आणि तोहि अगदीं पहिल्या पायरीवर.

येथें एकाची जागा कोणती, असा प्रश्न चौकस मूल हटकून विचारतें. एकाला विभाजक एकच. म्हणून तो मूळहि नव्हे आणि संयुक्तहि नव्हे. हा नियम लहरीनें केलेला नाहीं. २४ चे तुकडे करीत गेलें तर शेवटीं २ × २ × २ × ३ एवढेंच उरतें. आरंभ ४ × ६ नें करा कीं ३ × ८ नें करा, अखेर तींच मूळें हातीं येतात. प्रत्येक संयुक्त संख्येची मूळें अशीं ठरलेलीं असतात. क्रम बदलेल, पण मूळें बदलणार नाहींत. एकाला मूळ संख्यांच्या पंक्तींत बसविलें तर २४ च्या मूळांत एक कितीहि वेळां लिहितां येईल आणि हा सुंदर निश्चय ढासळेल.

जुन्या व्यवहारांत या ज्ञानाचा उपयोग सर्वांच्या हातीं होता, जरी त्याचें नांव फारसें कोणाच्या तोंडीं नसे. रुपयाचे आणे १६, आण्याच्या पै १२; म्हणजे रुपयाच्या पै १९२. मराठवाड्यांत चालणारा निजामी हाली शिक्का रुपयाहि १६ आण्यांचाच होता. सोळा ही संख्या दोनानें पुन्हा पुन्हा फुटते. म्हणून रुपयाची अधेली, अधेलीची पावली आणि पावलीची चवली अशी वांटणी एकहि कवडी न सांडतां होत असे. १९२ मध्यें दोनाचें मूळ सहा वेळां येतें आणि तिनाचें एकदां. दोनाचें मूळ शून्यापासून सहापर्यंत सात तऱ्हांनीं घेतां येतें, तिनाचें घ्यावें वा सोडावें अशा दोन तऱ्हा. सात दुणे चौदा, म्हणून १९२ चे विभाजक चौदा. तिघां भावांत रुपया वांटला तर प्रत्येकास बरोबर ६४ पै येत. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे १०० पैसे झाले. लेखी हिशेब त्यामुळें पुष्कळ सुलभ झाला, कारण आपली अंकपद्धतीच मुळीं दशमान आहे. पण शंभराचीं मूळें २ × २ × ५ × ५ असल्यामुळें त्याचे विभाजक नऊच, आणि त्यांत तीन नाहीं. तिघां भावांत तेव्हांपासून एक पैसा उरूं लागला. दिवसाच्या घटिका साठ आणि घटिकेचीं पळें साठ हाहि योगायोग नव्हे. एकापासून सहापर्यंतच्या प्रत्येक संख्येनें निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या साठच आहे.

व्यवहारांतील हें शहाणपण शास्त्राच्या पायरीवर कसें चढलें, हें पाहण्यासाठीं जालन्यापासून फार दूर जावें लागत नाहीं. इसवी सनाच्या नवव्या शतकांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळीं महावीराचार्यांनीं 'गणितसारसंग्रह' रचला. निरनिराळ्या छेदांचे अपूर्णांक एकत्र करतांना सर्व छेदांचा सामान्य असा लहानांत लहान विभाज्य घ्यावा, ही रीति त्यांनीं सांगितली आणि त्या संख्येला 'निरुद्ध' हें नांव दिलें. शाळेंतील मुलें ज्याला लसावि म्हणतात तो हाच. पुढें देवगिरीच्या यादवांची सत्ता या भूमीवर आली. त्या काळाच्या उंबरठ्यावर, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्यें, भास्कराचार्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून चाळीसगांवाजवळील पाटण येथें त्यानें मठ स्थापिला, इ. स. १२०७ चा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

लीलावतींतील कुट्टक प्रकरणांत विभाजकांचें महत्त्व स्पष्ट दिसतें. त्यांतील एका उदाहरणाचा आशय असा : कोणत्या संख्येनें २२१ ला गुणून त्यांत ६५ मिळविले असतां येणाऱ्या संख्येस १९५ नें निःशेष भाग जाईल? या मोठ्या आंकड्यांशीं झुंजण्यापूर्वीं आचार्य त्यांचा सामान्य भाजक काढावयास सांगतात. २२१ ला १९५ नें भागिलें, बाकी २६ राहिली. १९५ ला २६ नें भागिलें, बाकी १३ राहिली. २६ ला १३ नें भागिलें, बाकी कांहीं राहिली नाहीं. शेवटचा भाजक १३ हाच दोघांचा सर्वांत मोठा सामान्य विभाजक. त्यानें तिन्ही संख्या छाटल्या म्हणजे १७, ५ आणि १५ राहतात. आतां प्रश्न एवढाच : १७ च्या कोणत्या पटींत ५ मिळविले असतां १५ नें भाग जातो? सतरा पंचे पंच्याऐंशी, त्यांत पांच मिळवून नव्वद, नव्वदास पंधरानें भागून सहा. उत्तर पांच. मूळ आंकड्यांवर पडताळा पाहिला तर २२१ × ५ = १,१०५; त्यांत ६५ मिळवून १,१७०; आणि १९५ × ६ = १,१७०.

अशा रीतीनें छाटून ज्यांच्यांत एकाखेरीज सामान्य विभाजक उरला नाहीं, त्या संख्यांना आचार्य 'दृढ' म्हणतात. शब्द किती समर्पक आहे! तेरा हा या प्रश्नाचा पहारेकरीहि आहे. क्षेपक ६५ च्या जागीं ६६ असता तर उत्तर निघालेंच नसतें. कारण २२१ ची कोणतीहि पट आणि १९५ ची कोणतीहि पट तेराच्या पाढ्यांतच पडते, आणि ६६ त्या पाढ्यांत नाहीं. अशा वेळीं प्रश्नच सदोष समजावा, असा निर्वाळा आचार्यांनीं दिला आहे. जें होणार नाहीं तें होणार नाहीं असें आधींच दाखवून देणें, हें गणिताचें मोठें सामर्थ्य. आणि तें सामर्थ्य येथें केवळ विभाजकांच्या ज्ञानानें लाभलें आहे.

यादवांचें राज्य गेलें, तरी विद्या गोदावरीच्या कांठीं टिकून राहिली. पार्थपूर येथें ज्ञानराज नांवाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांनीं शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ मध्यें 'सिद्धान्तसुन्दर' लिहिला. हें पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यांतील पाथरी, असें अभ्यासक मानतात. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निर्माण झाला. तोंवर आजच्या या जिल्ह्यांतील परतूर तालुका परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. तेव्हां ज्ञानराजांचा हा परिसर जालनेकरांना परका नाहीं. ज्ञानराजांचे पुत्र सूर्यदास यांनीं इ. स. १५३८ मध्यें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली आणि १५४१ मध्यें लीलावतीवर 'गणितामृतकूपिका'. मूळ ग्रंथांतील नियम श्लोकबद्ध आणि म्हणून आंखूड असत. तो नियम उलगडून दाखविणें हें टीकाकाराचें काम. याच सूर्यदासांनीं 'रामकृष्णविलोमकाव्य' रचिलें. त्यांतील श्लोक सरळ वाचला तर रामकथा होते आणि उलट अक्षरांनीं वाचला तर कृष्णकथा! पाढा उलट वाचण्याची विद्या ज्यांनीं आयुष्यभर विवरिली, त्यांनीं शब्दांसहि उलट चालविलें, हा योग मोठा गमतीचा आहे.

संख्या फोडण्याच्या रीतीचें स्वतंत्र विवेचन नारायण पंडित यांच्या 'गणितकौमुदी'त आहे. हा ग्रंथ शके १२७८ चा, म्हणजे इ. स. १३५६ चा. त्यांची युक्ति सूर्यदासांच्या लीलावतीटीकेच्या वर्षावरच, म्हणजे १५४१ या संख्येवर चालवून पाहण्यासारखी आहे. १५४१ चें जवळचें लहान वर्गमूळ ३९. त्याचा वर्ग १,५२१, बाकी २०. वर्गमूळाची दुप्पट करून एक मिळवावा, म्हणजे ७९. त्यांतून बाकी २० वजा करावी, म्हणजे ५९. हा पूर्ण वर्ग असता तर काम झालें असतें. पण तो नाहीं. म्हणून पुढच्या विषम संख्या क्रमानें मिळवीत जावें : ८१ मिळविले, १४० झाले, ८३ मिळविले, २२३, ८५ मिळविले, ३०८, ८७ मिळविले, ३९५, ८९ मिळविले, ४८४. हा २२ चा वर्ग! इकडे ३९ च्या पुढें सहा पायऱ्या चढून ४५ आले. म्हणजे १५४१ हें ४५ चा वर्ग उणे २२ चा वर्ग. दोन वर्गांचें अंतर म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. ४५ आणि २२ यांची बेरीज ६७, वजाबाकी २३. म्हणून १५४१ = ६७ × २३. युरोपांत हीच युक्ति फ्रेंच गणिती फर्मा यांच्या नांवें प्रसिद्ध आहे. ते सतराव्या शतकांतील, म्हणजे नारायण पंडितांनंतर सुमारें तीनशें वर्षांनीं झालेले.

तथापि अभिमानापोटीं दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य नव्हे. मूळ संख्या स्वतःच्याच गुणांसाठीं अभ्यासावी ही दृष्टि प्रथम ग्रीकांत बहरली. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडनें मूळ संख्या कधींच संपत नाहींत हें सिद्ध केलें. त्याच्या युक्तिवादाचा गाभा असा : जितक्या मूळ संख्या ठाऊक असतील त्या सर्वांचा गुणाकार करून त्यांत एक मिळवावा. त्या नव्या संख्येस ठाऊक असलेल्या कोणत्याहि मूळ संख्येनें भागिलें तरी बाकी एक राहणारच. तेव्हां एक तर ती संख्या स्वतः मूळ असली पाहिजे, नाहीं तर तिचे विभाजक यादीबाहेरचे असले पाहिजेत. २ × ३ × ५ + १ म्हणजे ३१, ही मूळ आहे. २ पासून १३ पर्यंतच्या सहा मूळ संख्यांचा गुणाकार अधिक एक म्हणजे ३०,०३१. ही मूळ नाहीं, पण तिचे विभाजक ५९ आणि ५०९ हे यादींत नव्हते. दोन्ही प्रकारें यादी अपुरीच ठरते. पुढें इराटोस्थेनीसनें मूळ संख्या निवडण्याची चाळण सांगितली : संख्या ओळीनें लिहाव्या, २ ठेवून त्याच्या पुढील पटी खोडाव्या, ३ ठेवून त्याच्या पटी खोडाव्या, आणि असेंच पुढें जावें, शेवटीं ज्या उरतात त्या मूळ. आपल्याकडील आचार्यांचें लक्ष अपूर्णांक, कुट्टक आणि ग्रहगणित यांत विभाजकांचा उपयोग कसा करावा, याकडे अधिक होतें. एकानें हत्यार परजलें, दुसऱ्यानें त्या हत्याराच्या धातूचा शोध घेतला. गणिताला दोघांचीहि गरज होती.

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत मराठी शाळांसाठीं नवीं पुस्तकें तयार होऊं लागलीं. जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं १८२० नंतरच्या दशकांत मराठींत गणिताचे ग्रंथ उतरले, आणि पुढें केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनीं ती परंपरा वाढविली. जुन्या मराठी अंकगणितांत मसाविला 'दृढभाजक' म्हणत. भास्कराचार्यांचा 'दृढ' त्यांत असा जिवंत राहिला होता. परंतु जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू, आणि सरकारी माध्यमिक शिक्षणहि उर्दूंतच चाले. घरीं मराठी बोलणारें मूल शाळेंत मूळ संख्येला 'मुफरद अदद' आणि संयुक्त संख्येला 'मुरक्कब अदद' म्हणत असे. मसावि त्याच्यासाठीं 'आद-ए-आज़म' होता. उर्दू ही समृद्ध भाषा आहे आणि तिच्यांतील हे शब्दहि अर्थपूर्ण आहेत. अडचण शब्दांची नव्हती. घरचा पाढा आणि शाळेंतील नियम यांच्यामधला पूल तुटला होता, ही खरी अडचण. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली आणि मराठवाड्यांतील मराठी मुलांना हळूहळू आपल्या भाषेंत गणित मिळूं लागलें. निरुद्ध, दृढ, मुफरद, मूळ, अशीं नांवें पालटत गेलीं. तेवीस मात्र कोणत्याहि राजवटींत फुटला नाहीं.

मराठी शाळामास्तर या विषयांत काय करूं शकतो, याचें उदाहरण दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं घालून दिलें. त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथें शिक्षक होते. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो तिला त्यांनीं 'हर्षद' संख्या म्हटलें. ६१७४ या संख्येचा शोध त्यांनीं १९४९ मध्यें मद्रास येथील गणितपरिषदेंत मांडला. चार अंक घ्यावे, सगळे सारखे मात्र नसावे. त्यांची मोठ्यांत मोठी आणि लहानांत लहान संख्या करून वजाबाकी करावी, आणि उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. फार तर सात वेळांत ६१७४ येते. या संख्येचीं मूळें २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ नें तिला भागिलें तर ३४३ बरोबर येतात. म्हणजे ती स्वतःच एक हर्षद संख्या आहे! पुष्कळ वर्षें फारशी दखल न घेतल्या गेलेल्या या कामाला १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळें जगभर प्रसिद्धि मिळाली.

हा सगळा खेळ झाला, याचा जगाला उपयोग काय, असा प्रश्न एके काळीं विचारला जाई. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनीं त्याचें उत्तर दिलें. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें, पण केवळ तो गुणाकार पाहून त्या दोन संख्या ओळखणें फार कठीण. या एका गोष्टीवर त्यांनीं गुप्त संदेशांचें कुलूप बसविलें. त्याच वर्षीं आव्हान म्हणून १२९ अंकांची एक संख्या प्रसिद्ध करण्यांत आली; ती फुटावयास १९९४ साल उजाडलें, आणि त्यासाठीं जगभरच्या शेंकडों संगणकांना राबावें लागलें. पेढ्यांच्या व्यवहारांस अशाच कुलुपांचा आधार मिळत आला आहे. एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें निश्चित आणि वाजवी वेळांत ठरविण्याची रीति मात्र ऑगस्ट २००२ मध्यें कानपूर येथें मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनीं शोधून काढली. संख्या मूळ नाहीं हें कळणें वेगळें आणि तिचीं मूळें हातीं येणें वेगळें. पहिलें साधलें आहे, दुसरें अजून दुर्घटच आहे.

असें असतां पुष्कळ मुलांना हा विषय रुक्ष कां वाटतो? कारण मसावि आणि लसावि या दोन कृति त्यांना पाठ करावयास मिळतात, पण संख्या फोडून पाहण्याची मौज मिळत नाहीं. अपूर्णांकास संक्षेप देतांना कोणत्या संख्येनें छाटावें हें ज्याला दिसत नाहीं, तें मूल पुढें बीजगणितांतहि चांचपडत राहतें. आणि बुद्धि नाहीं म्हणून नव्हे, तर जिना उलट उतरण्याची संवय नाहीं म्हणून मागें पडतें. त्याला १५४१ ही संख्या द्यावी. तिचें वर्गमूळ चाळिसाच्या आंत असल्यामुळें ३७ पर्यंतच्याच मूळ संख्या तपासाव्या लागतील. २३ पाशीं ती फुटेल. मग १५४९ द्यावी. दोनापासून सदतीसपर्यंतच्या बाराहि मूळ संख्यांनीं तिला भागून पाहिलें तरी ती फुटणार नाहीं, आणि आपण एक मूळ संख्या स्वतः पकडली हें त्या मुलाला कोणी न सांगतां कळेल. एवढ्यासाठीं यंत्र नको, खर्चहि नको. पाटी, पेन्सिल आणि तिसापर्यंतचे पाढे पुरे होतात.

जालन्याच्या मोंढ्यांत पोत्यांची थप्पी पुन्हा लागेल. चोवीस पोतीं मुकाट्यानें ओळींत बसतील आणि तेविसांची लांबच लांब एकच ओळ होईल. जवळून शाळेस जाणाऱ्या एखाद्या मुलाला ती ओळ पाहून थांबावेंसें वाटलें, तर महावीराचार्यांपासून देवळालीच्या मास्तरांपर्यंत चालत आलेली विद्या त्याच्यापर्यंत पोंचली असें समजावें.